तुम्ही विचारलंत म्हणून : मूळपेशी गोठवून परत घालता येतात का?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो : "शुक्राणू तर जन्मभर रोज नव्याने तयार होतात. मग केमोनंतर काही जणांत ते कायमचे का थांबतात? आणि ज्या मूळपेशींपासून ते होतात, त्या आधीच काढून, गोठवून, नंतर परत का घालत नाहीत?" विचारणारे पुष्कळदा कर्करोग झालेल्या लहान मुलाचे आईवडील असतात आणि त्यांच्या हाती वेळ थोडा असतो. म्हणून उत्तर आधी सांगतो. उंदरात मूळपेशी परत घालणं १९९४ पासून जमतं, गोठवून परत घालणं १९९६ पासून. माणसात मात्र या मार्गाने मूल झाल्याची नोंद अजून नाही. मधे नेमकं काय अडतं, ते आता सविस्तर.

आधी केमोचं. वृषणात बारीक नलिकांची वेटोळी असतात. नलिकेच्या भिंतीला अगदी चिकटून मूळपेशी बसलेल्या असतात. त्यांच्यातून निघालेल्या पेशी विभागत विभागत आतल्या पोकळीकडे सरकतात आणि शेवटी शुक्राणू होतात. या प्रवासाला उंदरात सुमारे ३५ दिवस लागतात, माणसात दोन ते अडीच महिने. औषधाचा पहिला घाव बसतो तो भराभर विभागणाऱ्या मधल्या पेशींवर. पुढे गेलेल्या पेशी आपली वाट पुरी करतात, म्हणून उपचार सुरू झाल्यावरही काही आठवडे वीर्यात शुक्राणू दिसत राहतात. त्या काळातला नमुना साठवू नये. त्या शुक्राणूंच्या डीएनएला औषधाची झळ लागलेली असू शकते. नंतर संख्या शून्यावर येते. मूळपेशी शिल्लक असतील तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, ती पुन्हा चढते.

शिल्लक का राहत नाहीत, तर सायक्लोफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन, बुसल्फान यांसारखी औषधं पेशी विभागत नसतानाही तिच्या डीएनएला धरतात. त्यामुळे संथ राहणारी मूळपेशीही सुटत नाही. एकूण मात्रा वाढली की नलिकांत उरतात त्या फक्त सर्टोली पेशी, म्हणजे शुक्राणूंना वाढवणाऱ्या दायाच. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी नलिकांच्या बाहेर असतात आणि बऱ्याच चिवट असतात. त्यामुळे मुलाला मिसरूड फुटते, आवाज फुटतो, सगळं वेळेवर होतं, आणि तरीही वीर्यात एकही शुक्राणू नसतो. वरवरच्या वाढीवरून प्रजननक्षमतेचा अंदाज बांधू नका.

आता मूळपेशी काढण्याकडे. उंदराच्या वृषणातल्या बीजपेशींत, म्हणजे शुक्राणू होण्याच्या वाटेवरच्या सगळ्या पेशींत, मूळपेशी फार तर ०.०३ टक्के, म्हणजे दहा हजारांत तीन. त्यातही ती डोळ्यांनी ओळखता येत नाही, शेजारणीसारखीच दिसते. पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून पेशी निवडता येतात, पण हाती येतं ते मूळपेशींचं प्रमाण वाढलेलं मिश्रण, निव्वळ मूळपेशी नव्हेत. मूळपेशीची खरी ओळख तिच्या कामावरूनच पटते : रिकाम्या वृषणात सोडल्यावर जी तिथे वस्ती करते आणि महिनोन् महिने शुक्राणू देत राहते, ती मूळपेशी. म्हणून या शास्त्रात साध्यात साध्या प्रश्नाचं उत्तर मिळायलाही दोन-तीन महिने जातात.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात राल्फ ब्रिन्स्टर यांनी ही चाचणी उभी केली. पद्धत अशी. यजमान, म्हणजे पेशी स्वीकारणाऱ्या, उंदराला बुसल्फान देऊन त्याच्या नलिका रिकाम्या करतात; मात्रा साधारण दर किलो वजनाला ४० मिलिग्रॅम, पण उंदराच्या जातीप्रमाणे ती बदलावी लागते. कमी पडली तर त्याच्या स्वतःच्या मूळपेशी परत उगवतात आणि निकाल गढूळ होतो. जास्त झाली तर अस्थिमज्जा खलास होऊन उंदीरच मरतो. मग चार ते सहा आठवडे थांबायचं. दात्याचं वृषण आधी कोलॅजिनेजमध्ये आणि मग ट्रिप्सिनमध्ये (दोन्ही ऊती सुटी करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम), ३७ अंशांवर, थोडा थोडा वेळ ठेवून सुट्या पेशी मिळवायच्या. इथे डीएनेज, म्हणजे डीएनए तोडणारं विकर, घालायला विसरलात की फुटलेल्या पेशींमधला डीएनए शेंबडासारखा चिकट गोळा होतो आणि पुढे सुईचं टोक हमखास तुंबतं. म्हणून मिश्रण बारीक जाळीतून गाळायचं आणि बर्फावर ठेवायचं.

टोचायचं ते वृषणाच्या अंगात नव्हे. वृषण आणि अधिवृषण (शुक्राणू साठवणारी शेजारची नळी) यांच्या मधल्या चरबीत अपवाही, म्हणजे शुक्राणू बाहेर नेणाऱ्या, नलिकांची एक बारीक जुडी असते. चरबी हलक्या हाताने बाजूला केली की ती दिसते. तिच्यात काचेच्या केशनळीचं निमुळतं टोक सरकवून वृषणाच्या तोंडाशी असलेल्या नलिकाजाळीपर्यंत न्यायचं. पेशींच्या द्रावात थोडा ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग मिसळलेला असतो. दाब योग्य असला की निळा रंग एकेका वेटोळ्यात शिरत पृष्ठभागावर पसरत जातो आणि आठ-दहा मायक्रोलिटरमध्ये बहुतेक नलिका भरतात. दाब जास्त झाला की जाळी फाटते. रंग मग रेघांसारखा न दिसता नलिकांच्या मधल्या जागेत डागासारखा पसरतो. असा डाग दिसला की ते वृषण मोजणीतून वगळायचं, कारण बाहेर सांडलेल्या पेशींचा उपयोग नाही. सगळं नीट जमलं तरी शंभरातल्या पाच ते बारा मूळपेशीच वस्ती करतात. त्यांना सर्टोली पेशींमधली घट्ट भिंत ओलांडून तळाशी पोचावं लागतं. दोन महिन्यांनी वृषण उघडून वस्त्या मोजतात. दात्याच्या पेशींना आधीच खुणेचं जनुक दिलेलं असतं, त्यामुळे रसायन घातल्यावर त्या निळ्या उमटतात. एक निळा पट्टा म्हणजे एक मूळपेशी.

या पद्धतीचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. उंदरांच्या दोन वांझ जाती आहेत. एकीत बीजपेशींचा किट हा ग्राहक (पेशीवरचं संदेश झेलणारं प्रथिन) बिघडलेला, म्हणजे घर शाबूत पण राहणारा नाही. दुसरीत सर्टोली पेशींकडून येणारा त्याचा जोडीदार संदेश बिघडलेला, म्हणजे राहणारा धड पण घर पडकं. दुसरीच्या मूळपेशी पहिलीच्या वृषणात घातल्या आणि त्या उंदरांना पिल्लं झाली. म्हणून कोणत्याही वंध्यत्वावर "मूळपेशी घाला" हे उत्तर नाही. घरच बिघडलं असेल तर नवी मूळपेशीही तिथे काही करू शकत नाही.

मग माणसात काय अडतं? पहिली अडचण संख्येची. लहान मुलाच्या वृषणातून घेतला जातो तो छोटासा तुकडा, आणि भरायचं असतं प्रौढाचं वृषण. उंदराच्या मूळपेशी जीडीएनएफ या वाढ-प्रथिनाच्या जोरावर काचपात्रात महिनोन् महिने वाढवता येतात; २००३ मध्ये जपानी संशोधकांनी ते दाखवलं. माणसाच्या पेशींबाबत तितकी खात्रीची पद्धत अजून हाती नाही, आणि वाढलेल्या पेशी खरंच मूळपेशी आहेत हे तपासायला माणसाचं वृषण वापरता येत नाही. टोचण्याचं तंत्र मात्र सुटलेलं आहे : मोठ्या प्राण्यांत सोनोग्राफीवर पाहत सुई थेट नलिकाजाळीत नेतात. माकडांत अशा प्रत्यारोपणातून शुक्राणू मिळाले, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, आणि ती ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची. ल्युकेमियाच्या पेशी वृषणात दडून राहतात. उंदीरवर्गातल्या रॅटवर झालेल्या प्रयोगात, टोचलेल्या पेशींत केवळ २० ल्युकेमिया पेशी असल्या तरी रोग उलटला. वीस पेशी चुकूनही राहणार नाहीत इतकी गाळणी आज कुणाकडे नाही. म्हणून ल्युकेमियात ऊती साठवता येते, पण ती परत घालण्याचं आश्वासन कुणी देत असेल तर सावध राहा.

गोठवण्याचं विचाराल, तर ते भरवशाचं आहे, पण कायमचं नाही. २३ वर्षांहून जास्त काळ गोठवलेल्या रॅटच्या मूळपेशी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासल्या गेल्या. त्यांनी वस्ती केली, पण शुक्राणूंच्या पायरीपर्यंत पोचण्याची त्यांची ताकद घटलेली होती.

आता ठरवायचं काय? वयात आलेल्या मुलाचा किंवा पुरुषाचा प्रश्न सोपा : पहिल्या मात्रेच्या आधी वीर्य गोठवा, तो सिद्ध उपाय आहे. वयात न आलेल्या मुलात शुक्राणूच नसतात, म्हणून ऊतीचा तुकडा हा एकच पर्याय उरतो, तोही प्रायोगिक. तो घ्यायचा ठरला तर दोन गोष्टी विचारा. ऊती सुट्या पेशी करून न ठेवता लहान लहान तुकड्यांत ठेवणार का? तुकड्यात घर आणि राहणारा दोन्ही टिकतात. २०१९ मध्ये माकडाच्या पिल्लाचा असाच गोठवलेला तुकडा त्याच्याच कातडीखाली लावून शुक्राणू मिळाले आणि त्यातून एक निरोगी मादी जन्मली. तुकड्यातून पुढे सुट्या पेशी करता येतात, उलटं करता येत नाही. आणि दुसरं, तुकडे वेगवेगळ्या कुप्यांत ठेवणार का? एक कुपी वितळवून रोगपेशींसाठी तपासता आली पाहिजे, बाकीच्या न हलवता.