तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कोणती मागणी, हे ठरवायचं कसं?

मानसिक आजारावर काम करणारे नवे गट, आणि बरेचदा स्वतः पालकही, एकच प्रश्न विचारतात: "मागण्या ढीगभर आहेत, कामाला माणसं चार. आधी काय मागायचं? आणि घरच्यांना विचारून ठरवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?" नागपूर जिल्ह्यापुरतं उत्तर देतो.

"तुम्हाला काय हवं?" असं विचारू नका. त्यावर सगळीकडे तीच उत्तरं येतात: जनजागृती व्हावी, सरकारनं लक्ष द्यावं. ती खरी असतात, पण ती घेऊन कुणाच्या टेबलासमोर उभं राहायचं ते कळत नाही. त्यापेक्षा विचारा, "गेल्या सहा महिन्यांत शेवटचं कुठं अडलं? कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर, कोण काय म्हणालं, पदरचे किती गेले?" मग "औषध मिळत नाही" या तक्रारीतून औषधाचं नाव, किती मिलिग्रॅमची गोळी, कोणतं रुग्णालय आणि कधीपासून, हे चारही बाहेर येतं. समजा, काटोलकडच्या एखाद्या घराला लिथियमच्या (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या) गोळ्यांसाठी दर महिन्याला नागपूरला मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, यावं लागतंय. दोन माणसांचं एसटीचं तिकीट आणि दोन मजुऱ्या जातात. एखाद्या महिन्यात ते जमत नाही, गोळ्या सुटतात आणि आजार उलटतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात कायम आणि मोफत मिळायला हवीत. म्हणजे आता हातात गाऱ्हाणं नाही, हक्क आहे. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा आणि त्या रुग्णालयाच्या औषधसाठा नोंदवहीची वर्षभराची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. शिल्लक शून्य असलेले दिवस मोजले की मागणी तयार.

बैठकीला कोण येतं, यावर यादी ठरते, आणि बहुतेक गट इथंच फसतात. सीताबर्डीत संध्याकाळी बैठक ठेवली की निवृत्त, शहरातले, बोलायची सवय असलेले वडील येतात. रुग्णाला एकटं सोडता येत नाही म्हणून आई घरीच राहते. भिवापूर, नरखेड, पारशिवनीचं तर कुणीच नसतं. म्हणून बैठक तालुक्याला न्या, दुपारची ठेवा, भाडं हातात द्या, आणि रुग्णाजवळ बसायला एक माणूस आधीच ठरवा. बारा-पंधरांच्या वर लोक घेऊ नका. बायकोची अडचण आईपेक्षा वेगळी असते, भावा-बहिणीची त्याहून वेगळी, त्यामुळे निदान एक बैठक फक्त स्त्रियांची हवी.

आणि ज्यांना आजार आहे त्यांची बैठक पूर्ण स्वतंत्र. यात तडजोड नको. आई-वडिलांसमोर तरुण मुलगा "मला बांधून नेलं" हे बोलत नाही.

या दोन याद्या जुळत नाहीत, आणि त्या जुळवून एक सरासरी यादी काढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. घरच्यांच्या यादीत वर असतं ते दवाखान्यात नेणं: "त्याले गाडीत बसवावं कसं?" रुग्णांच्या यादीत वर असतं नेताना झालेली जबरदस्ती. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बसलं की दिसतं, दोघं एकाच रात्रीबद्दल बोलताहेत. मग दोघांना चालेल अशी मागणी निघते: पोलिसांची गाडी नको, हातपाय बांधणं नको, न्यायला प्रशिक्षित माणूस हवा, आणि कुठं न्यायचं ते बरं असतानाच ठरलेलं हवं. कायद्यानं त्याची सोय केली आहे. बरं असताना माणूस आपल्या उपचारांविषयी आगाऊ सूचना लिहून ठेवू शकतो आणि आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे अशा वेळी आपल्या वतीनं बोलणारा माणूस, नेमू शकतो. स्वतःहून दाखल होण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसासाठी प्रतिनिधी अर्ज करतो, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, असे दोघं वेगवेगळे तपासतात, आणि ही भरती ३० दिवसांपर्यंतची असते. रुग्णालयाला ते मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारं, याच कायद्याखालचं मंडळ) सात दिवसांत कळवावं लागतं, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. ही माहिती घरोघर पोचली तर निम्मं भांडण मिटतं, असं मला ठामपणे वाटतं.

काही मागण्या सरकारकडे न्यायच्याच नसतात. "अपंगत्वाचं प्रमाणपत्र देत नाहीत" ही तक्रार प्रत्येक बैठकीत येते. मानसिक आजाराचं अपंगत्व 'आयडियाज' या मोजपट्टीवर मोजतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या प्रत्येकाला शून्य ते चार गुण, शिवाय आजाराच्या वर्षांचे वेगळे. एकूण वीसपैकी सात झाले की ४० टक्के धरतात, आणि बहुतेक सवलती तिथून सुरू होतात. आता तपासणीच्या दिवशी काय होतं? आई मुलाला न्हाऊ घालून, दाढी करवून, इस्त्रीचा शर्ट घालून आणते. डॉक्टर विचारतात, "आंघोळ स्वतः करतो का?" ती म्हणते, "हो, करते ना." सहा वेळा हाक मारावी लागते, पाणी काढून द्यावं लागतं, साबण हातात द्यावा लागतो, हे ती सांगत नाही. लेकाची लाज राखायची असते. गुण तिथंच कमी होतात. जुने केसपेपर फेकलेले असतील तर वर्षांचेही गुण जातात. याला मोर्चा नको. अर्जाआधी एक दुपार बसून सांगायचं ते लिहून घ्या आणि कागद लावून ठेवा.

उरलेल्या मागण्यांचं वजन करा. प्रत्येकाला दहा फुटाणे द्या, हव्या त्या मागणीच्या डब्यात हवे तेवढे टाकू द्या. डबे झाकणाचे आणि फटीचे घ्या. उघड्या वाटीत ढीग दिसला की मागचे लोक त्याच ढिगात टाकतात. वाचता येत नसेल तर डब्यावर चित्र काढा. घरचे आणि रुग्ण यांची मोजणी वेगळी ठेवा.

पण मोजणीवर सगळं सोडू नका. एखादी गोष्ट एकच बाई बोलते आणि ती जिवावरची असते. नागपूरच्या मे महिन्यात लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं, जुलाब लागले, की रक्तातलं लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं: हात जोरात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. उन्हाळ्याआधी गोळ्यांसोबत याची सूचना आणि रक्ततपासणी, ही स्वस्त मागणी फुटाण्यांत कधीच जिंकणार नाही. अशीला एक जागा राखून ठेवा.

"माह्या मांगं याले कोण पाहीन?" हा प्रश्न मात्र सगळ्यांत जड. इथं एक गैरसमज आधी काढा: १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातलं पालकत्व स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुअपंगत्वासाठी आहे, एकट्या मानसिक आजारासाठी नाही. निवासी सोयीची मागणी वर्षानुवर्षांची आहे. ती पहिल्या वर्षाच्या यादीत एकटी ठेवलीत तर गट थकतो, वगळलीत तर आया परत येत नाहीत. तिच्यासोबत सहा महिन्यांत होईल असं एक काम ठेवा.

मग पत्ता, म्हणजे कोणती मागणी कुणाकडे न्यायची. ग्रामीण रुग्णालयं आणि प्रादेशिक मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, मेडिकल आणि मेयो (शहरातलं दुसरं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, मिहानमधलं एम्स केंद्राकडे. चुकीच्या विभागाला दिलेलं निवेदन महिनोनमहिने फिरत राहतं. तालुक्यातल्या गोळ्यांसाठी जिल्हा शल्य चिकित्सकांना भेटा. पैसा लागणारं काम जिल्हा नियोजन समितीकडे, आणि तेही दिवाळीच्या आधी, कारण पुढच्या एप्रिलपासूनची योजना हिवाळ्यातच ठरत जाते. धोरणाचं असेल तर विधिमंडळाचं डिसेंबरचं अधिवेशन आपल्याच शहरात भरतं. पण तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, आमदाराला कित्येक आठवडे आधी द्यावा लागतो, म्हणून यादी सप्टेंबरात पक्की हवी. अधिवेशनाचे मोर्चे अडवतात त्या टेकडी रोडवर फलक धरून उभं राहण्याआधी तो प्रश्न आत गेलेला असू द्या.

शेवटी, ज्यांना विचारलं त्यांच्याकडे दीड-दोन महिन्यांत परत जा, त्याच गावी, त्याच वेळी. काय मागितलं, कुणी काय उत्तर दिलं, कोणती मागणी मागं ठेवली आणि का, हे एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि वाचून दाखवा. नकार आला असेल तर तोही अधिकाऱ्याच्या शब्दांत वाचा. त्या पानाची एक प्रत प्रत्येक घरी द्या.