कट्टा राहू द्या

मध्यंतरी कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं एका साईटवर स्लॅबच्या आदल्या दिवशी स्टील चेक करायला गेलो होतो आणि तिथं सेंट्रिंगवर उभा असताना मला सेंपर कळला. गॉटफ्रीड सेंपर, एकोणिसाव्या शतकातला जर्मन आर्किटेक्ट. कॉलेजात थिअरीच्या पेपरला ह्याच्यावर टीप यायची, चार मूलतत्त्वं, 1851, चूल, जोतं, छप्पर आणि भोवतीचा आडोसा, एवढं लिहिलं की मार्क पडायचे आणि विषय संपायचा. हा माणूस नेमकं काय सांगत होता हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीपण कधी स्वतःला विचारलं नाही.

त्याचं म्हणणं असं की भिंत मुळात दगडविटांची नाहीच, ती विणलेली आहे. आधी चटई आली, कूड आला, कापड आलं, वजन पेलणारी जाड भिंत त्या आडोशाच्या मागं नंतर उभी राहिली. जर्मनमधे भिंतीला वांड म्हणतात आणि वस्त्राला गेवांड, ही जवळीक तो पुरावा म्हणून पुढं करतो. आणि ह्या सगळ्या विणकामाच्या मुळाशी तो ठेवतो गाठ.

तर साईटवर फिटरमामा उकिडवे बसून जाळी बांधत होते. डाव्या हातात बायंडिंग वायरचे दुमडलेले तुकडे, उजव्या हातात हूक. तार सळ्यांच्या फुलीखालून घालायची, दोन्ही टोकं वर आणायची, हूक अडकवून मनगटाला दोन-तीन झटके, झाली गाठ, की लगेच पुढची फुली. मी म्हटलं, मामा, एका स्लॅबला किती गाठी होत असतील? तर वर न बघताच म्हणाले, "आता कोण मोजतंय साहेब, उद्या काँक्रीट पडलं की कुणाला दिसतीया?" आणि खरंच, ती तार लोड घेतच नाही, काँक्रीट घट्ट होईपर्यंत सळ्या जागच्या हलू द्यायच्या नाहीत एवढंच तिचं काम. म्हणजे आज आरसीसीच्या जमान्यातसुद्धा घराची सुरुवात गाठीनंच होते. आणि आपण बोलतानापण घर "बांधतो". फेटा बांधतो, गोठ्यात म्हैस बांधतो, गाठोडं बांधतो आणि घरपण बांधतो. सेंपरला जे सांगायला जाडजूड पुस्तकं लिहावी लागली ते आपल्या तोंडात रोज आहे, फक्त त्याच्याकडं कुणी वळून बघितलं नव्हतं, निदान मी तरी नाही.

त्या दिवसापासून मी थिअरी वाचायची पद्धतच बदलली. इंग्रजीत वाचायचं, मग पुस्तक मिटायचं आणि हाच विचार मराठीत कुठल्या शब्दात बसलाय ते शोधायचं.

मार्टिन हायडेगर ह्या जर्मन तत्त्वज्ञाचं असंच झालं. 1951 साली डार्मस्टाटला त्यानं आर्किटेक्ट लोकांसमोर भाषण केलं, युद्धात शहरं पडलेली, घरांचा प्रचंड तुटवडा, आणि हा तिथं उभा राहून म्हणतो की खरी अडचण नुसती घरं कमी असण्याची नाही, माणसाला राहायचं कसं हेच नव्यानं शिकायला लागणार आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला होता, लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही आणि ह्याला हे सुचतंय. पण तो शब्द उकलत जातो. बांधणं ह्या अर्थाचा जर्मन शब्द बाउएन, त्याचं जुनं रूप बुआन, त्याचा अर्थ राहणं, म्हणजे आधी राहणं आहे आणि त्यातून बांधणं. आणि राहण्यासाठीचा दुसरा एक जुना शब्द घेऊन तो दाखवतो की त्याचा अर्थ टिकून असणं, निवांत असणं, आणि शेवटी येऊन पोचतो की राहणं म्हणजे एखादी गोष्ट जशी आहे तशी जपणं, तिला तिच्यासारखी असू देणं. इथं मी तीनदा अडकलो. इंग्रजी भाषांतरातला शब्द कळत होता, पण राहण्याचा आणि असू देण्याचा संबंध काय हे काही केल्या लागत नव्हतं.

तो लावून दिला एका आजींनी. मंगळवार पेठेत एक जुनं घर पाडून नवीन करायचंय, खाली पार्किंग, वर दोन मजले. मापं घ्यायला गेलो तर मुलगा सगळं सांगत होता, हे पाडायचं, ते पाडायचं, आणि आजी दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसून ऐकत होत्या. काळ्या दगडाचा कट्टा, मधोमध बसून बसून आरशासारखा गुळगुळीत झालेला, कडेला विळे घासून घासून बोटभर खोबण पडलेली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "पाडा की बाळा, पर ह्यो कट्टा तेवढा ऱ्हाऊ द्या."

टेप तसाच हातात धरून मी उभा राहिलो. कुठं राहता, तेच क्रियापद. जेवायचं राहिलं, म्हणजे उरलं, तेच क्रियापद. आणि राहू द्या, म्हणजे हात लावू नका, असू द्या, तेपण तेच. वास्तव्य, उरणं आणि जपणं, तिन्ही एकाच शब्दात, एका आजींच्या तोंडून. वास्तू हा शब्दसुद्धा वस् म्हणजे राहणे ह्या धातूवरूनच आलाय, आम्ही त्याचा अर्थ दिशा आणि दोष एवढाच करून ठेवलाय.

पण हायडेगर तसाच्या तसा मी घेऊ शकत नाही. 1933 साली तो नाझी पक्षात गेला होता, आणि त्याच भाषणात तो ब्लॅक फॉरेस्टमधल्या जुन्या शेतघराचं वर्णन करतो, प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथं, पिढ्यानपिढ्या. वाचायला सुंदर आहे. पण आपल्या गावातपण सगळं जिथल्या तिथं होतं, आणि त्यात काही लोकांची जागा गावकुसाबाहेर होती. कोण कुठं राहणार हे आधीच ठरलेलं असेल तर त्या राहण्याला निवांतपणा कसा म्हणायचा? ह्या प्रश्नाला आमच्या कोल्हापुरात उत्तर दिलं गेलं ते बांधकामातूनच. शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं सुरू करायला पाठबळ दिलं, 1908 ला अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. बोर्डिंगला मराठीत वसतिगृह म्हणतात, परत तोच वस्. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा असेल तरच तो शिकणार, हे ज्यांना कळलं त्यांना राहणं म्हणजे काय हे नुसतं शब्द उकलणाऱ्यापेक्षा जास्त कळलं होतं असं मला मनापासून वाटतं. आर्किटेक्चरच्या थिअरीत हे शिकवायला पाहिजे, हायडेगरच्या शेजारी ठेवून.

आता कट्ट्याचं. पार्किंगचा रॅम्प बरोबर तिथूनच जातो. मी चार वेळा प्लॅन फिरवून बघितला, कट्टा दीड फूट उत्तरेला सरकवला तर गाडी आत जाते, नाहीतर नाही. दगड सगळे नंबर टाकून सोडवायचे आणि त्याच क्रमानं परत बसवायचे, गवंडी म्हणतोय जमतंय. मुलगा लगेच हो म्हणाला. पण दीड फूट सरकलेला कट्टा आजींच्या हिशोबात राहिला का गेला, हे मला ड्रॉइंगवरनं सांगता येत नाही. सकाळचं ऊन कुठल्या बाजूनं येतं आणि तिथं बसल्यावर गल्लीचा कोपरा दिसतो का, हे त्या तिथं बसूनच सांगणार. सोमवारी चुना आणि दोरी घेऊन जाणार आहे, नवीन जागा आखतो आणि तिथं आजींना खुर्ची टाकून बसवतो.