कंबर आणि झोप, दोघींची नोंद एकाच पानावर

सोमवार, रात्री

आज सकाळी मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाने माझ्या झोपेला ८४ गुण दिले. रात्र कशी गेली ते मला माहीत आहे. दीडच्या सुमाराला उजव्या कुशीवर वळायला गेले आणि कंबरेत अशी सणक निघाली की अर्ध्यातच थांबले. मग गुडघ्याखाली उशी घेऊन उताणी पडून राहिले, अजिबात हलायचं नाही असं ठरवून. डोळे टक्क उघडे. समोरच्या सोसायटीतल्या पंपाचा आवाज सुरू झालेला ऐकला, बंद झालेलाही ऐकला. फोनवर मात्र त्या सगळ्या वेळेवर एक लांब निळी पट्टी आहे आणि खाली लिहिलंय, ‘शांत झोप’.

हे असं का होतं ते आज जेवणाच्या सुट्टीत नीट वाचून काढलं. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी टिपतात. डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, श्वास असं सगळं एकत्र बघून झोप कोणत्या टप्प्यात आहे ते ठरवतात. मनगटावरच्या यंत्राला यातलं काहीच दिसत नाही. हात किती हलला आणि नाडी कशी चालली, एवढ्यावरून ते अंदाज बांधतं. माणूस खरोखर झोपलेला असला तर ते बहुतेक वेळा बरोबर ओळखतं, पण न हलता जागं राहणं त्याला झोपच वाटतं. आणि कंबर धरलेला माणूस रात्री दुसरं काय करतो? हललं की दुखतं, म्हणून तो हलतच नाही. ज्यांची रात्र सगळ्यात वाईट जाते, नेमकी त्यांचीच रात्र या यंत्राला चांगली दिसत असणार.

फोनमध्ये माझी दोन अ‍ॅप्स आहेत. एक कंबरेच्या व्यायामांचं, दुसरं झोपेचं. पहिलं विचारतं, आज दुखणं दहापैकी किती. दुसरं सांगतं, काल गाढ झोप किती. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या शरीरात मात्र ही एकच गोष्ट चालू आहे. रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशी ऑफिसात अकरा वाजायच्या आत पाठ भरून येते. पाठ भरली की रात्र पुन्हा तशीच. यावर झालेल्या संशोधनाचा २०१३ सालचा एक आढावा आहे. त्यात म्हटलंय की दुखण्यामुळे झोप बिघडते हे खरंच, पण बिघडलेल्या झोपेवरून पुढचं दुखणं जास्त खात्रीने सांगता येतं. मला हे वाचून धीर आला. कंबरेवर एकदम काही करता आलं नाही तरी झोपेच्या बाजूने हात घालता येतो.

बुधवार

आज आईंची कंबर. सासूबाई गेले काही महिने आमच्याकडे आहेत. गाव भोर तालुक्यात, सगळा भाताचा पट्टा. आयुष्यभर जूनच्या शेवटापासून गुडघाभर चिखलात वाकून आवणी केलेली बाई. संध्याकाळी मी व्यायाम करत होते तेव्हा शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, ‘मलाबी सांग की गं. माजी काय कमी दुखती?’

म्हणून माझ्या अ‍ॅपवर त्यांचं नाव घातलं. पहिला प्रश्न, दिवसातले किती तास बसून काम करता? पर्याय सगळे खुर्चीतल्या माणसाचे. वाकून केलेल्या कामाला जागाच नाही. चिखलात रोप लावण्याला नाही, केर काढण्याला नाही, उकिडवं बसून भांडी घासण्यालाही नाही. पुढचा प्रश्न दहापैकी किती दुखतं, हा. त्यावर त्या जरा थांबल्या. ‘दहातलं किती ते काय सांगू? भरली कळशी उचलवत न्हाई. पहाटं उठताना भिंत धरावी लागती. येवडं लिही.’

मला हे उत्तर कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाचं वाटलं, आणि यात मी एकटी नाही. रोलंड आणि मॉरिस या दोघांनी १९८३ मध्ये कंबरदुखीसाठी २४ विधानांची एक प्रश्नावली केली. जगभर अजून तीच वापरतात. तिचा रोख दुखणं किती यावर नसून दुखण्यामुळे काय जमत नाही यावर आहे. कपडे घालायला वेळ लागतो का, जिना हळू चढता का, खुर्चीतून उठताना त्रास होतो का. आणि त्यातच एक विधान आहे, कंबरेमुळे झोप नीट लागत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या कागदावर कंबर आणि झोप एकत्र आहेत, माझ्या फोनमध्ये मात्र दोन वेगळ्या चौकोनांत.

भाषेची अडचण वेगळीच. व्हिडिओतली मुलगी इंग्रजीत भराभर सांगत होती आणि आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने भारत सरकारच्या सोबतीने २०२१ च्या योगदिनी एमयोग नावाचं अ‍ॅप काढलं, ते इंग्रजी, हिंदी आणि फ्रेंचमध्ये. हिंदी चालली असती, पण डोळे मिटून पडलेल्या माणसाला आपली बोली ऐकू यावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून जेवणं झाल्यावर फोनवर माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलं. फिजिओ मॅडमनी गेल्या खेपेला आईंना तपासून सांगितलेले तेवढेच व्यायाम: ‘उताण्या पडा. गुडघे वर घ्या, पाय जमिनीला टेकवा. आता कंबरेखालची पोकळी जमिनीला दाबा. श्वास कोंडू नका. पाच मोजते. सोडा.’ मग एकेक गुडघा पोटाशी, मग बूड हळूच वर उचलणं. मधल्या थांबण्याच्या जागा खूप मोठ्या ठेवल्या, कारण त्यांना कूस वळायला वेळ लागतो. कोणत्याही अ‍ॅपने एवढा वेळ दिला नव्हता.

गुरुवार

आज फक्त एक काम केलं. झोपेच्या अ‍ॅपला दिलेल्या परवानग्या बघितल्या. संपर्कयादी, ठिकाण, मायक्रोफोन. माझी झोप मोजायला माझ्या नातेवाइकांचे नंबर कशाला हवेत? त्या परवानग्या काढून टाकल्या. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण रात्री किती वाजता जाग येते, कोणती गोळी घेतली, पाळी कधी आली ही माहिती देताना आपणच आधी हात आखडता घ्यायला हवा. घरात आईंनाही हे समजावून सांगितलं. त्यांना पटकन पटलं.

शनिवार, दुपारी

मामेबहिणीशी बोलले. ती म्युनिकला असते, तिचीही कंबर गेलेली. तिच्या डॉक्टरांनी तिला चक्क अ‍ॅप लिहून दिलं. विमा कंपनीकडून कोड आला, तो घातला, पैसे विम्याने भरले. जर्मनीत २०१९ मध्ये तसा कायदाच झाला आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून तपासून मान्य केलेल्या अ‍ॅप्सची सरकारी यादी सुरू झाली. त्यात पाठीसाठी विविरा आहे, निद्रानाशासाठी सोम्निओ. ब्रिटनमध्येही नाइस या संस्थेने २०२२ मध्ये झोपेच्या गोळ्यांऐवजी स्लीपिओ नावाच्या अ‍ॅपची शिफारस केली. आपल्याकडे मात्र जाहिरातीतल्या तारका बघून अ‍ॅप निवडावं लागतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्याला रात्रभर दुखतंय तो कशावरही विश्वास ठेवायला तयार असतो.

पण तपासलेल्या अ‍ॅपचाही उपयोग किती, तेही समजून घ्यायला हवं. डेन्मार्क आणि नॉर्वेत सेल्फबॅक नावाच्या अ‍ॅपची ४६१ लोकांवर नीट चाचणी झाली. निकाल २०२१ मध्ये आला. अ‍ॅप वापरणाऱ्यांना न वापरणाऱ्यांपेक्षा बरं वाटलं, पण वर म्हटलेल्या त्या २४ गुणांच्या प्रश्नावलीत तीन महिन्यांनी दोन्ही गटांतला सरासरी फरक एका गुणापेक्षाही कमी होता. थोडा आहे, पण खरा आहे. माझ्यापुरतं म्हणाल तर मला तो पुरेसा वाटतो, कारण रोज संध्याकाळी सतरंजी अंथरायला लावणारं दुसरं कोणी घरात नाही. अ‍ॅपचं माझ्या उपयोगाला आलेलं काम ते एवढंच, आणि ते मोठं आहे.

गुणांचं मात्र मी बंद केलं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले, जे यंत्रातले आकडे सुधारायच्या चिंतेनेच जागत होते. मला तिथवर जायचं नाही. निद्रानाशाच्या वर्तनोपचारात, जो गोळ्यांच्याही आधी सुचवतात, मुख्य साधन रुग्णाने स्वतः लिहिलेली झोपेची नोंद असतं. अंथरुणात कधी गेले, डोळा साधारण कधी लागला, मध्ये किती वेळ जाग, शेवटी कधी उठले. तेही सकाळी लिहायचं, रात्री घड्याळ बघत नाही. आठ तास अंथरुणात आणि त्यातले सहा झोपेत, म्हणजे ७५ टक्के. ८५ च्या पुढे न्यायचं असतं. त्यासाठी अंथरुणातला वेळच आधी कमी करतात. हा भाग मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करणार नाही, चिंचवडहून हिंजवडीला रोज दुचाकीवर जायचं असतं, पेंग आली तर काय.

आता फोनमधल्या साध्या नोंदवहीत एकच पान आहे, माझं आणि खाली आईंचं. झोपेच्या चार ओळी, मग आज काय जमलं नाही, मग व्यायाम झाला की नाही. आजचं आईंचं: ‘भिंत न धरता उठल्या. दोनदा जाग. व्यायाम झाला.’

पुतण्याने परवा विचारलं, एमआरआय का नाही काढत. मॅडमनी याचं उत्तर आधीच दिलं होतं. ज्यांचं काहीच दुखत नाही अशा माणसांच्या एमआरआयमध्येही चाळिशीत ६८ टक्के लोकांची मणक्याची गादी झिजलेली दिसते, असा २०१५ चा आढावा आहे. त्यामुळे चित्र बघून घाबरायचं नाही. मात्र पायातली ताकद जायला लागली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना. आणि ताप, उतरतं वजन आणि रात्री वाढणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयही बघावा लागतो, तो आपल्याकडे अजून आहे. हे सगळं आईंच्या पानावर वरच लिहून ठेवलंय, मी घरी नसताना कोणालाही दिसावं म्हणून.

मंगळवारी मॅडमची वेळ आहे. पाऊस सुरू झालाय आणि आईंना आवणीला गावी जायचंच आहे, त्या थांबणार नाहीत आणि त्यांना अडवायची माझी इच्छाही नाही. विचारायचं ते एवढंच, की वाकून किती वेळ रोप लावल्यावर सरळ उभं राहायचं आणि उभं राहून नेमकं काय करायचं. तेवढ्या अंतराने त्यांच्या फोनवर गजर लावून देणार आहे, मोठ्या आवाजात, म्हणजे बांधावर ठेवला तरी खाचरात ऐकू जाईल.