झेन परत वर उचलली: कापलेल्या स्प्रिंगपासून स्टॉक हाइटपर्यंत (कंपनीच्या मूळ उंचीपर्यंत), दहा हजारांच्या आत

पुढच्या चाकाच्या मधोमधपासून फेंडरच्या कडेपर्यंत २९६ मिमी, मागे २८८. काम सुरू करायच्या आदल्या रात्री हे माप घेऊन मास्किंग टेपवर लिहिलं आणि टेप डॅशबोर्डला चिकटवून टाकली. तुम्ही हे काम काढणार असाल तर सगळ्यात आधी हेच करा, आणि जमिनीपासून मोजू नका, कारण टायर झिजलेला असतो, हवा कमी-जास्त असते, चाकाच्या सेंटरपासून मोजलं की फक्त सस्पेन्शन किती बसलंय ते कळतं.

गाडी २००३ ची मारुती झेन एलएक्सआय, घरातलीच, इंदूरच्या राजेंद्रनगरच्या गल्लीत वाढलेली. २०१० मध्ये मीच खाली घेतली होती, ग्राइंडरने पुढे दीड वेढा आणि मागे दोन वेढे कापून. दिसायची फार छान, अजूनही जुने फोटो बघितले की आवडते. पण आता आईचे गुडघे दुखतात, तिला त्या सीटवर बसायचं म्हणजे आधी दाराला धरून खाली जायचं, आणि उतरताना मी हात दिल्याशिवाय उठताच येत नाही. मांडूला जायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या गाडीने नको रे, बसने जाऊ." त्याच दिवशी ठरवलं. शिवाय २०२८ मध्ये रजिस्ट्रेशन परत रिन्यू करायचंय, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असे बदल चालत नाहीत, म्हणजे कधीतरी हे करायचंच होतं.

टायरचा हिशोब आधी मिटवला. माझ्याकडे १७५/६० आर१३ आहेत, मूळ १४५/७० आर१३. साइडवॉल धरून व्यास काढला तर ५४० आणि ५३३, म्हणजे फरक ७ मिमीचा, आणि तोही गाडी उंच करणाऱ्या बाजूने. म्हणजे गाडी जेवढी बसलीय ती सगळी स्प्रिंगमुळे. टायर ठेवले, तो खर्च वाचला.

पहिला रविवार. मागून सुरुवात केली कारण झेनच्या मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर लागत नाही. जॅक लावून बॉडी स्टँडवर घेतली, चाक काढलं, आणि शॉकअप अजून जागेवर असतानाच स्प्रिंग हाताने फिरत होती. चक्क दोन बोटांनी. वरच्या रबर सीटवर तिचं कापलेलं टोक इतकी वर्षं घासून नखाएवढी खाच पडली होती. ते बघून पोटात गोळा आला, कारण हायवेवर एखाद्या उंचवट्यावर चाक पूर्ण खाली लोंबलं असतं तर ही स्प्रिंग सीट सोडून तिरकी बसू शकली असती. कापलेल्या स्प्रिंगवर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी गाडी जॅकवर घेऊन हे हाताने तपासाच, मनापासून सांगतोय.

आणि कडकपणाचं म्हणाल तर, वेढे कमी झाले की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते. सहा कामाचे वेढे असतील आणि साडेचार उरले तर कडकपणा एक तृतीयांशाने वाढतो, आणि शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाचा, त्यामुळे तो बिचारा सांभाळू शकत नाही. माझे पुढचे दोन्ही तेलाने ओले होते आणि बंप स्टॉपचा, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दाबलं की धक्का घेणाऱ्या रबराचा, नुसता भुगा झाला होता.

स्प्रिंग नवीन शोधल्या, पण चारही एका ठिकाणी मिळेनात आणि बजेटही नव्हतं, म्हणून जुन्या बाजारातून घ्यायच्या ठरवल्या. इथे जवळजवळ फसलोच होतो. पुढच्या म्हणून जी जोडी दाखवली ती रंगाने, उंचीने एकदम माझ्यासारखी, पण मी कापलेला तुकडा आणि व्हर्निअर सोबत नेलं होतं, तार मोजली तर अर्धा मिमी जाड. विचारलं तर कळलं की डिझेल झेनची आहे, ती प्यूजोच्या इंजिनवाली, जिचं नाक जड असतं. अर्धा मिमी ऐकायला काही वाटत नाही, पण कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे एवढ्याशाने पंधरा-वीस टक्के फरक पडतो आणि पेट्रोलचं नाक परत वर तरंगतं ते वेगळंच. दुसऱ्या दुकानात पेट्रोलच्या चार मिळाल्या, १६०० रुपयांत, डाव्या-उजव्यांची मोकळी उंची जुळवून घेतल्या, दोन-तीन मिमीच्या आतबाहेर. गंज होता, तारेच्या ब्रशने घासला, प्रायमर आणि काळा पेंट मारला. खोल खड्डे पडलेली स्प्रिंग मात्र घेऊ नका, ती तिथूनच तुटते.

शॉकअप जुने घ्यायचे नाहीत, यावर मी ठाम आहे. पुढची जोडी ३४००, मागची १९००, गॅब्रिएलचे. त्यांचा एक कारखाना आपल्या देवासलाच आहे, त्यामुळे माल मिळायला कधी अडचण आली नाही.

दुसरा रविवार पुढच्या बाजूचा. हे मी घरी केलं नाही, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो, म्हणून ओळखीच्या उस्तादांकडे नेली, त्यांच्याकडे चांगला कंप्रेसर आहे. नकलशी (चाक ज्यावर बसतं त्या भागाशी) जोडलेले दोन बोल्ट आदल्या रात्रीच तेलात भिजवून ठेवले होते तरी एकाने अर्धा तास खाल्ला. इथे मी पैसे वाचवायला गेलो आणि चुकलो: स्ट्रटचं, म्हणजे पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडाचं, वरचं माउंटिंग (जिथे तो बॉडीला बसतो ते रबर आणि बेअरिंग) जुनंच ठेवलं. उस्ताद म्हणाले, "भिया, रबर बैठ गया है, बदल लो," मी म्हटलं राहू द्या. घरी येताना स्टिअरिंग फिरवलं की डावीकडून टण्ण, टण्ण. जुन्या रबरला दहा-पंधरा वर्षं कडक स्प्रिंगचे धक्के बसलेले, बेअरिंगही गेलेलं. पुढच्या आठवड्यात परत सगळं उघडलं, माउंटिंगची जोडी ९०० ची लावली आणि तेवढ्यासाठी मजुरी दुसऱ्यांदा दिली. स्ट्रट उघडताय तर माउंटिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर त्याच वेळी बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. सगळं लावूनही गाडी मागून नीट उठेना, ३२० लाच अडकली. कारण बुश. लोअर आर्म, ट्रेलिंग आर्म, मागचा लॅटरल रॉड, म्हणजे चाकांना बॉडीशी धरून ठेवणारे दांडे, या सगळ्यांच्या सांध्यातल्या रबर बुशमधली लोखंडी नळी बोल्ट आवळला की घट्ट पकडली जाते आणि आर्म हलताना रबरच पिळलं जातं. माझे बोल्ट गाडी खाली असताना आवळलेले, त्यामुळे प्रत्येक बुश गाडीला परत खाली खेचत होतं. उपाय सोपा आहे, सगळे बोल्ट सैल करायचे, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करायची, चार-पाच वेळा दाबून हलवायची आणि त्याच स्थितीत आवळायचे. जॅकवर लोंबत्या चाकांनी आवळले तर नवीन बुशही पिळलेलंच बसेल. पण चाकांवर उभ्या गाडीखाली शिरणार कसं? मी सकाळी सहाला कॉलनीजवळच्या वॉशिंगवाल्याच्या रॅम्पवर नेली, तिथे गाडी चाकांवरच वर असते. त्यांनी चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. लॅटरल रॉडची बुश तेव्हाच बदलली, १५० रुपये. उंची परत आली तेव्हा मागचा अ‍ॅक्सल तीन-चार मिमी बाजूला सरकलेला होता तोही मधे आला, कारण रॉड एका टोकाला बॉडीला आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सलला असल्यामुळे उंची बदलली की अ‍ॅक्सल आडवा सरकतोच.

रॅम्पवरून उतरल्यावर मागे ३४१.

तिथून हळूहळू थेट अलाइनमेंट, ३५० रुपये. उंची बदलली की टो (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलीत) आणि कॅम्बर (समोरून बघता चाक किती कललंय) दोन्ही बदलतात, माझे पुढचे टायर आतल्या कडेने गुळगुळीत झालेत ते यामुळेच. हेडलाइटही खाली घेतले, खालच्या हाइटला मी ते वर करून ठेवले होते, आता समोरच्याच्या डोळ्यात जात होते.

सगळं मिळून ९९५०. त्यात मजुरी १२००, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर ४५०, बाकी वर लिहिलंच आहे.

२०० किमी झाल्यावर परत मोजलं. पुढे ३५२ होतं ते ३४८ वर बसलं, मागे ३३९. भेरूघाट उतरताना गाडी पहिल्यांदा वळणात सरळ राहिली, आधी मधल्या खड्ड्यांवर मागचं चाक उडायचं. कॉलनीतला स्पीडब्रेकर मी इतकी वर्षं तिरका घ्यायचो, परवा सरळ घेतला. आई मागच्या रविवारी एकटी बसली, एकटी उतरली, पण पुढच्या सीटचा फोम दबलाय असं म्हणतेय, तो बघायचाय. आणि खडबडीत रस्त्यावर पुढून उजवीकडून बारीक आवाज येतो, बहुतेक वळणात गाडी कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारची बुश. नवीन आणून ठेवलीय, या शनिवारी रॅम्प मिळाला तर लावतो.