तुम्ही विचारलंत म्हणून: बाटली न बघता खरंच कळतं का?

जत्रेत भेटलेले जुने विद्यार्थी विचारतात, नात्यातल्या बायका आवाज उतरवून विचारतात, “बाई, तुम्ही मंडळी बाटल्या झाकून स्कॉच चाखता म्हणे. खरंच कळतं का हो, कुठली ते? की सगळे मनाचे खेळ?” रस्त्यात उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही. प्रश्न मला जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कुठली ते बहुतेक वेळा कळत नाही. नऊ वर्षांत मी बाटलीचं नाव अचूक लिहिलं असे प्रसंग दोन हातांच्या बोटांत मावतील. पण ग्लासात काय आहे ते कळतं. धूर आहे का, पिंपात आधी काय भरलेलं होतं, मद्य कोवळं आहे की मुरलेलं, एवढं नाक सांगतं. आणि हे ओळखायला मला पुस्तकांपेक्षा दोन जागा जास्त उपयोगी पडल्या: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली मामांची काजूच्या फेणीची भट्टी आणि आमच्या उच्च माध्यमिकची प्रयोगशाळा.

तीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं. कपाटात फिनॉलची बाटली असायची. जुनी झाली की आतले पांढरे स्फटिक गुलाबी पडायचे, आणि झाकण उघडलं की दवाखान्यासारखा वास वर्गभर पसरायचा. आमच्या पहिल्याच बैठकीत तिसऱ्या क्रमांकाचा ग्लास नाकाशी धरला आणि मी कागदावर लिहिलं, ‘प्रयोगशाळेतलं कपाट, खालचा खण’. झाकलेला कागद काढला तेव्हा बाटली निघाली लाफ्रॉइगची, स्कॉटलंडच्या आयला बेटावरची. तिथे मोड आणलेले जव पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेलं शेवाळ, गवत, झुडपं. त्या धुरातून फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल अशी एकाच घराण्यातली रसायनं जवाला चिकटतात आणि मद्य गाळून दहा वर्षं पिंपात ठेवलं तरी जात नाहीत. बाटलीचं नाव मला ठाऊकच नव्हतं, पण नाकाने रेणू बरोबर पकडला होता. त्या संध्याकाळी मी या नादाला लागले.

आम्ही सहा जण. वाळपईकडचे एक काजू बागायतदार आहेत, एक निवृत्त बँक अधिकारी, एक जोडपं म्हापशाहून येतं, आणि माझा भाचा. दुसऱ्या शनिवारी फोंड्याला माझ्या घरच्या मागच्या पडवीत जमतो. दर वेळी एकजण वाढपी होतो, आणि त्या दिवशी तो चाखत नाही. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या तरी मान आणि खांदे ओळखू येतात, म्हणून तो आत स्वयंपाकघरात ओततो, प्रत्येकी पंधरा मिलिलिटर, आणि क्रमांक घातलेले ग्लास वर बशी झाकून बाहेर आणतो. पिण्यासाठी नव्हे, चाखण्यासाठी बसलेलो असतो. आजोबांची पितळी पिकदाणी मध्ये ठेवलेली असते, आणि तिच्यात थुंकायला कुणी लाजत नाही.

गोव्यात ही बैठक जमवणं सोपं नाही. उकाड्यात अल्कोहोलच आधी उसळून नाकाला झोंबतं, म्हणून आम्ही दिवेलागणीनंतर बसतो आणि ग्लास भरल्यावर थोडा वेळ हात लावत नाही. पंखा बंद, नाहीतर वास उडून जातो. पंखा बंद म्हणजे डास, आणि डासांसाठी अगरबत्ती लावली की संध्याकाळ वाया गेली. त्यापेक्षा आम्ही पायमोजे घालून बसतो. अत्तर नको, केसांत मोगरा नको, आणि शेजारच्या घरात बांगडे तळायला घेतले तर तासभर थांबायचं. पाणी विहिरीचं, उकळून गार केलेलं, कारण नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो.

सगळ्यांत मोठा नियम मात्र बोलण्याचा आहे. प्रत्येकाचं लिहून होईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. हा नियम सुरुवातीला नव्हता. दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीत बँकवाले काका एक घोट घेऊन म्हणाले, “समुद्र! अगदी मिरामारला उभं राहिल्यासारखं.” पुढच्या पाच मिनिटांत आम्हा सगळ्यांना समुद्राचा वास आला. मी तर ‘ओली दोरी, होडीचा तळ’ असं लिहूनही टाकलं. बाटली निघाली स्कॉटलंडमधल्या स्पेसाइडची, समुद्रापासून लांबच्या एका खोऱ्यातली, धुराचा मागमूस नसलेली. काकांची चूक नव्हती, त्यांना जे वाटलं ते ते बोलले. चाखणाऱ्या आम्ही बाकीच्या चौघांनी मात्र आपलं नाक त्यांच्या हवाली केलं होतं. ते मला फार लागलं. शिक्षिका म्हणून मी मुलांना आयुष्यभर सांगत आले होते की आधी निरीक्षण वहीत लिहा, मग शेजाऱ्याशी बोला.

डोळ्यांचंही तसंच. फ्रान्समध्ये बोर्दोला 2001 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये वासरहित लाल रंग घालून ती वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. मी हे वाचून सांगितलं तेव्हा भाच्याने काही न कळवता आमच्यावरच प्रयोग केला. एकच व्हिस्की दोन ग्लासांत, आणि एकात जळक्या साखरेचे दोन थेंब. माझ्या कागदावर गडद ग्लासापुढे लिहिलेलं होतं, ‘खजूर, दोदोल, जास्त मुरलेली’. फिक्या ग्लासापुढे ‘कोवळी’. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला कायद्याने परवानगी आहे, तेव्हा गडद रंग म्हणजे जुनं मद्य हा हिशेब मुळातच धरता येत नाही. तेव्हापासून ग्लासांना बाहेरून चांदीचा कागद गुंडाळतो.

आता शब्दांविषयी, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. विलायती टिपणांत हेदर, गूजबेरी, ख्रिसमसचा केक असले वास लिहिलेले असतात. मी हेदरचं झुडूप कधी हुंगलेलं नाही. मग ते माझ्या वहीत कशाला येईल? आमच्या वह्यांत कोकमाची सोलं आहेत, पातोळ्या उकडताना सुटणारा हळदीच्या पानाचा वास आहे, पिकून फुटलेला फणस आहे, पावसाळ्यात पेटीतून काढलेली गोधडी आहे. आणि नारळ तर पदोपदी. अमेरिकेत बर्बन नावाची व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात. त्या अमेरिकी ओकमध्ये लॅक्टोन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याला थेट खोबऱ्याचा वास येतो. रसायनशास्त्रात त्याला व्हिस्की लॅक्टोनच म्हणतात. रोज नारळ फोडणाऱ्या माणसाला ते जितक्या पटकन सापडतं तितकं दुसऱ्या कुणाला सापडत असेल असं मला वाटत नाही. शेरी नावाच्या वाइनच्या पिंपातली व्हिस्की आली की म्हापशाची वहिनी दोनच शब्द लिहिते: ‘बेबिंका, करपलेली’. बेबिंका म्हणजे आमची थरांची गोड मिठाई. यापेक्षा नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

बागायतदारांचं नाक सगळ्यांत खरं. भाणाखाली, म्हणजे फेणी गाळायच्या हंड्याखाली, कुठलं लाकूड जळतंय ते त्यांना दुरून कळतं. पीटची व्हिस्की त्यांच्यापुढे पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी कागद उलटा ठेवला आणि आमची वेळ संपल्यावर एवढंच म्हणाले, “बाय, हो धुंवर लांकडाचो न्हय.” हा धूर लाकडाचा नव्हे. पीट म्हणजे काय हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा त्यांनीच वाढपी असताना रांगेत पॉल जॉन घातली, आपल्या गोव्यातल्याच कुंकळ्ळीची व्हिस्की. स्कॉच म्हणवून घ्यायला मद्य स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात, किमान तीन वर्षं मुरावं लागतं आणि 40 टक्क्यांच्या खाली उतरता येत नाही. तेव्हा कायद्याने ती स्कॉच नव्हे. पण आमच्यातल्या चौघांनी तिला स्कॉटलंडमध्येच बसवलं, आणि वर ‘बरीच जुनी’ असंही लिहिलं. कारण हवेत आहे. स्कॉटलंडच्या गारव्यात पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जातं, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्या उकाड्यात तो वाटा कितीतरी मोठा असतो, आणि लाकडाचा अर्कही तितक्याच घाईने उतरतो. मला त्या संध्याकाळी अभिमान वाटला, तो लपवत नाही.

पाणी घालावं का, असंही विचारतात. घालावं, थेंबाथेंबाने. स्वीडनमधल्या कार्लसन आणि फ्रीडमन या दोघांनी 2017 मध्ये संगणकावर मांडून दाखवलं की पाणी वाढलं की धुरातल्या त्या ग्वायकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतात, आणि अल्कोहोल फार असेल तर आतच गुरफटून राहतात. ज्यांचं पोट यावर चालतं ते ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून चव जमवणारे, तेसुद्धा नमुना 20 टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात. पाणी घालणं म्हणजे मद्याचा अपमान, हे मला कधीच पटलेलं नाही.

राहिला पैशांचा प्रश्न, जो खरं तर सगळ्यांच्या मनात असतो. महाग ती ओळखू येते का? त्यासाठी आम्ही तीन ग्लासांची परीक्षा घेतली. तीनपैकी दोन ग्लासांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास कुठला ते सांगायचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतं, हे लक्षात ठेवावं लागतं. त्या दिवशी भाच्याचा मित्र वाढपी होता, म्हणून सहाही जण बसलो, प्रत्येकी तीन फेऱ्या. धुराची विरुद्ध बिनधुराची ठेवली तेव्हा अठरापैकी अठरा बरोबर. मग एकाच डिस्टिलरीच्या दोन बाटल्या ठेवल्या, एक दुसरीच्या कित्येक पट किमतीची आणि वयाने दुपटीहून मोठी. अठरापैकी नऊ. नुसत्या नशिबानेही सहा आलेच असते. आणि ज्यांनी वेगळी बरोबर ओळखली, त्यांतल्या बहुतेकांना स्वस्तातली जास्त आवडली. त्यावरून महागडी वाईट ठरत नाही. तिच्यात लाकूड पुढे आलं होतं, आणि कुणाला तेच हवं असतं. पण त्या पैशांत मी घराची कौलं शाकारून घेईन.

सत्तरी तालुक्यातले माझे मामा लावणीत, म्हणजे भट्टीतून गळणारी फेणी झेलणाऱ्या मडक्यात, पडलेल्या फेणीचे चार थेंब तळहातावर घ्यायचे, दोन्ही हात चोळायचे आणि तोंडापुढे धरून डोळे मिटायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मलाही हात पुढे करायला लावायचे आणि विचारायचे, “कसलो वास येता सांग.” मी काहीही सांगितलं तरी हसायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, शाळेच्या नव्या दप्तराचा. ते परत हुंगून बघत बसले.

तुम्हाला करून बघायचं असेल तर घरी दोन बाटल्या, तीन वाट्या आणि ओतायला एक विश्वासू माणूस पुरे. आणि फोंड्याला यायचं असेल तर पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या. पडवीत एक खुर्ची रिकामी आहे. येताना वही आणा, गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला सांगा, आणि त्या दिवशी पावडरसुद्धा लावू नका.