तिच्याच विषयाचा उतारा

परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेचा व्हर्बल, म्हणजे इंग्रजी भाषेचा, विभाग मी बरीच वर्षं शिकवते आहे. तरी त्या शनिवारच्या तीन तासांनी माझी शिकवायची रीत बदलली.

मुलगी सागरी जीवशास्त्रात एमएस्सी झालेली, पीएचडीच्या तयारीत. क्वांट, म्हणजे गणिताचा विभाग, चांगला होता. व्हर्बलमध्ये मात्र सलग तीन मॉक टेस्टमध्ये १५०, १५१, पुन्हा १५०. गुणांची पट्टी १३० ते १७०, म्हणजे ती अगदी मधोमध अडकून बसली होती. येताना रबरबँड लावलेले शब्दांच्या कार्डांचे गठ्ठे घेऊन आली, अकराशे कार्डं. "मॅडम, अजून पाचशे शब्द करू का?" हा तिचा पहिलाच प्रश्न.

मी म्हटलं, आधी चुका बघू. एरवी मी बरोबर उत्तर का बरोबर आहे ते समजावत बसते. त्या दिवशी माझा घसा बसला होता, म्हणून तिलाच बोलायला लावलं. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाशी थांबायचं आणि तो पर्याय निवडताना मनात काय आलं होतं ते सांगायचं.

तिसऱ्या की चौथ्या चुकीला प्रवाळ पांढरे पडण्यावरचा उतारा आला. तिचा रोजचा विषय. त्यावर तीन प्रश्न होते आणि तिन्ही चुकले होते! लेखकाचं म्हणणं इतकंच होतं की पाहणी केलेल्या काही ठिकाणी नुसत्या तापमानवाढीने सगळा उलगडा होत नाही. उताऱ्यावरून काय अनुमान निघतं, असा प्रश्न. तिने निवडलं होतं: पाणी तापलं की प्रवाळ आपल्या शरीरातलं शेवाळ बाहेर टाकतात.

"पण मॅडम, हे खरं आहे."

खरंच आहे ते. मी म्हटलं, "कुठल्या ओळीत लिहिलंय, दाखव." तिने उतारा वरपासून खालपर्यंत पाहिला, मग पुन्हा पाहिला. "नाहीये," ती हळूच म्हणाली. बरोबर पर्याय अगदी फिका होता: काही ठिकाणी तापमानाखेरीज दुसरंही कारण असू शकतं. तो तिने 'हे काय उत्तर झालं?' म्हणून पहिल्या झटक्यात खोडला होता. या परीक्षेत अनुमान म्हणजे उताऱ्यातल्या शब्दांवरून जे नाकारताच येणार नाही, तेवढंच. उत्तराला लागणारं सगळं उताऱ्यातच दिलेलं असतं. जास्त माहिती असलेला माणूस नकळत त्यात आपल्या पदरची भर घालतो. मग आम्ही तिने सोडवलेले जुने उतारेही काढले. इतिहासाच्या ज्या उताऱ्यातलं तिला ओ की ठो माहीत नव्हतं, त्यात एकही चूक नव्हती. तिथे ती ओळ न् ओळ वाचत होती.

रिकाम्या जागांमध्ये वेगळंच निघालं. एका वाक्यात समीक्षकाने 'क्वालिफाइड' कौतुक केलं होतं. तिने अर्थ लावला, पात्र माणसाने केलेलं कौतुक. खरा अर्थ, हातचं राखून केलेलं. साहजिकच पुढची जागा उलट्या शब्दाने भरली गेली. या शब्दाचं कार्ड गठ्ठ्यात नव्हतं, कारण तो तिला शाळेपासून 'येत' होता. मी विचारत गेले. 'चेक' म्हणजे आवर घालणं, 'टेम्पर' म्हणजे सौम्य करणं, 'वॉन्ट' म्हणजे उणीव, आणि 'सँक्शन' मंजुरीही असते, निर्बंधही. यांपैकी एकाचंही कार्ड नव्हतं. मला त्या अकराशे कार्डांमागच्या रात्रींचं फार वाईट वाटलं.

सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नांतही ती आधी समानार्थी जोडी शोधायची, वाक्य नंतर. पेपर काढणारे वाक्यात न बसणारी जोडीही मुद्दाम ठेवतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी एक कोरा कागद दिला. पर्याय झाकायचे, वाक्य वाचायचं, रिकाम्या जागी स्वतःचा शब्द म्हणायचा, मराठीत चालेल, आणि मगच कागद सरकवायचा.

"पण वेळ?" पहिल्या भागात १२ प्रश्नांना १८ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. तिची भीती रास्त होती. पहिले काही दिवस तिचे दोन-तीन प्रश्न राहायचे. नंतर कागद सरकवल्यावर पर्यायांवर नजर टाकायला पाच-सात सेकंदच पुरू लागले आणि हिशेब जमला.

तीन आठवड्यांनी तिने नवी मॉक दिली. दोन्ही भागांतल्या मिळून २७ पैकी सात चुकले. उताऱ्यांतला त्यात एकच. उरलेल्या सहांपैकी चार प्रश्न असे, की वाक्य तिला नीट उमगलं होतं, झाकून म्हटलेला शब्दही बरोबर होता, फक्त पर्यायांतले इंग्रजी शब्द ओळखीचे नव्हते.

मी म्हटलं, "आता काढ ती कार्डं."

त्यानंतर माझा घसा कितीही ठणठणीत असला, तरी पहिला तास विद्यार्थीच बोलतो.