बार्शी रोड म्हणजे कुर्डुवाडी

माझं आजोळ बार्शी आणि आम्ही राहायला पुण्याला, त्यामुळे मे महिन्याची सुट्टी म्हणजे कुर्डुवाडीला गाडी बदलणे हे ठरलेलंच. मध्यरात्री कधीतरी बाबा हलवून उठवायचे, मग डोळे चोळत, ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या सगळं घेऊन मोठ्या गाडीतून उतरायचं आणि छोट्या गाडीकडे चालत सुटायचं. छोटी गाडी म्हणजे बार्शी लाईट. समोरच्या बाकावरच्या माणसाचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागणार एवढीच रुंदी, आणि अनोळखी माणसाशी गुडघे लावून किती वेळ गप्प बसणार, त्यामुळे गाडी हलायच्या आत चौकशा सुरू, कुठले तुम्ही, कुणाकडे चाललात वगैरे.

आजी मात्र कुर्डुवाडी कधीच म्हणायची नाही. "बार्शी रोडला नीट उतरा, झोपून राहू नका." आम्हाला वाटायचं म्हातारीचा घोळ होतोय. खूप वर्षांनी कळलं की घोळ आमचाच होता, स्टेशनचं जुनं नावच बार्शी रोड. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, तिची लाईन पुण्याहून १८६० मध्ये सोलापूरला पोचली, ती बार्शीला न जाता साधारण ३५ किलोमीटर लांबून गेली. कापसाची एवढी मोठी पेठ, आणि माल बैलगाडीत घालून कुर्डुवाडीपर्यंत आणायचा. रेल्वेच्या भाषेत नावापुढे रोड लागलं की समजायचं गाव लांब आहे, सावंतवाडी रोड घ्या, श्रीगोंदा रोड घ्या. इथे तर गंमत म्हणजे कुर्डुवाडीच्या दारात स्टेशन आणि पाटी दुसऱ्याच्या गावाची!

हे ३५ किलोमीटर जोडले एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रजाने. हा आधी १८८२ पासून जीआयपीतच नोकरीला होता, आणि त्याच्या डोक्यात छोट्या रेल्वेचं खूळ शिरलं. खूळ म्हणजे अगदी हिशेबी खूळ हां. रूळ हलके वापरायचे, एक यार्ड लांबीच्या रुळाचं वजन ३० पौंड, म्हणजे खर्च कमी. पण हलका रूळ जड इंजिनाखाली टिकणार कसा? तर म्हणे इंजिन असो की मालडबा, कुठल्याही एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येताच कामा नये. म्हणून त्याच्या पहिल्या इंजिनांना ओढणाऱ्या चाकांच्या चार जोड्या आणि मागे आणखी दोन जोड्या, वजन सगळीकडे वाटून दिलेलं. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, मोठ्या गाडीच्या निम्म्याहूनही कमी. आधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ रूळ टाकून चाचणी केली, लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शीची गाडी सुरू.

मग लाईन वाढतच गेली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज, सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि मधोमध कुर्डुवाडी. (कॅलथ्रॉपचं पुढचं पण भारी आहे, मित्र चार्ल्स रोल्स, तोच रोल्स-रॉईसवाला, १९१० ला विमान पडून गेला आणि त्यानंतर हा पॅराशूटच्या मागे लागला. घोड्यांवर पुस्तक वेगळंच.)

कुर्डुवाडी वाढली ती या बदलाबदलीवर असं माझं मत. दोन गेज, म्हणजे रुळांची दोन मापं म्हटल्यावर माणसं उतरणार, आणि माल तर एका डब्यातून दुसऱ्यात पाठीवरूनच जाणार, एकेक पोतं. म्हणजे हमाल आले, चहावाले आले, गाडी चुकलेल्यांची रात्र काढायची सोय आली, शिवाय वर्कशॉप, आणि तिथल्या कामगारांची घरं. आषाढीला तर विचारू नका, आजी सांगायची की डबे पुरायचे नाहीत म्हणून मालडब्यात बसून पंढरपूर गाठलंय, आणि उतरल्यावर अंगाला कसला वास येतोय यावरून त्या डब्यात आधी काय होतं ते कळायचं. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढायचो ही गोष्ट पण ऐकलीये, पण छोटी गाडी असलेल्या प्रत्येक गावात ती सांगतात, त्यामुळे मी सोडून देतो.

१९५४ ला सरकारने कंपनी विकत घेतली. गाडी मात्र तशीच चालू होती पुढची पन्नास वर्षं. पंढरपूरच्या फाट्यावर आधी मोठ्या गाडीचे रूळ आले आणि २००८ मध्ये बार्शीच्या. आता पुण्याहून बार्शीला रेल्वेने जायचं तर कुर्डुवाडीला ट्रंक खाली काढायची गरज नाही, झोपून राहिलं तरी चालतं. मागच्या वेळी मी पण झोपूनच होतो, जाग आली तेव्हा गाडी निघाली होती आणि खिडकीतून फक्त पाटीचा शेवटचा भाग दिसला, "वाडी".

वर्कशॉप अजून आहे. माथेरानच्या गाडीचे डबे दुरुस्तीला तिथे येतात, दोन फुटी गेजवाले, म्हणजे बार्शी लाईटपेक्षाही अर्ध्या फुटाने अरुंद. नेरळहून कुर्डुवाडीपर्यंत त्यांच्या मापाचा रूळ कुठेच नाही, त्यामुळे ते दुसऱ्या कशावर तरी चढूनच येतात.